कॅसेटमधली थप्पड

भावाचा देह नांदेडच्या दवाखान्यातून आणला तेव्हा तांड्यातल्या बायका आधीच अंगणात येऊन बसल्या होत्या. त्याच्या डोक्याला पांढरी पट्टी होती आणि चेहरा डाव्या बाजूने इतका सुजलेला होता की तो डोळा मिटलेला आहे की उघडा, हे कळत नव्हतं. कनेरगाव नाक्यावर एका ट्रॅक्टरवाल्याशी त्याची गाडी आडवी लावण्यावरून बाचाबाची झाली होती. पहिला हात भावानेच उचलला, हे सगळे सांगतात, आणि मला ते खरं वाटतं. दुसरा हात त्या माणसाने उचलला. त्या हातात लोखंडी पहार होती.

आम्हा बंजाऱ्यांत रडणं शिकावं लागतं. मुलगी लग्न होऊन निघते तेव्हा आणि माणूस गेल्यावर बायका एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. त्याला ढावलो म्हणतात. त्या रडण्याला शब्द असतात आणि ते ज्याच्या त्याच्या नात्याप्रमाणे तिथल्या तिथे जुळवायचे असतात. माझ्या वयाच्या मुली लग्नाआधी महिना महिना मोठ्या बायकांजवळ बसून ते शिकल्या. मी तेव्हा हिंगोलीला वसतिगृहात राहून शिकत होते. त्या दिवशी मी भावाच्या उशाशी बसले, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मागे बसलेली काकी शेजारणीला म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेताने, "शाळंनं हिचं रडणं नेलं. आता भावासाठी काय अर्ज लिहून देईल का?"

मला ढावलो येत नव्हता, पण माझ्याजवळ एक होता. कॉम्प्युटरमधली अठ्ठावीस मिनिटांची फाइल. तिच्यात आमची याडी रडते. आईला आम्ही याडी म्हणतो. ती फाइल भावामुळे आहे. ती कशी राहिली हे सांगायचं तर त्याने मला मारलं तेही सांगावं लागतं, आणि गेलेल्या माणसाचं असं बोलू नये असं आमच्याकडे मानतात. म्हणून मी बरेच महिने कागदाला हात लावला नव्हता.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. चुलत बहिणीचं लग्न होतं. भाऊ पंधरा-सोळा वर्षांचा, आणि त्याने कुठूनतरी जुना टेपरेकॉर्डर मिळवला होता. निघायच्या वेळी बहीण एकेकीच्या गळ्यात पडत याडीपाशी आली तेव्हा तो टेप मांडीवर घेऊन जवळच बसला होता. मी त्याच्या खांद्याला टेकून होते. याडीचा आवाज तांड्यात प्रसिद्ध होता. ती बहिणीला धरून रडू लागली तशा इतर बायका गप्प झाल्या. माहेरचं पाणी, माहेरची वाट, असं नेहमीचं म्हणत ती पुढे गेली आणि मग तिने स्वतःचे शब्द घातले. लेकी, तुझ्या घरात हात उचलणारा नसो. माझ्या पाठीवर जे आहे ते तुझ्या पाठीवर नसो.

मांडवात नवऱ्याकडचे लोक बसले होते. त्यांच्यातला कोणीतरी हसला. बा, म्हणजे आमचे वडील, त्या लोकांत बसले होते. ते उठले, बायकांमधून वाट काढत आले आणि ती तेच पुन्हा म्हणत असताना त्यांनी याडीच्या कानाखाली मारली. बहीण तिच्या गळ्यातच होती, त्यामुळे दोघीही हलल्या. बा आले तसे परत जाऊन बसले.

सगळं तीनेक सेकंदांचं. भावाचं बोट टेपच्या बटणावर होतं, पण त्याने ते दाबलं नाही. मग याडीने एक श्वास घेतला आणि ज्या शब्दावर ती थांबली होती त्याच शब्दापासून पुन्हा सुरू केलं. पाठीवर जे आहे ते तुझ्या पाठीवर नसो. त्यानंतर ती कितीतरी वेळ रडत राहिली आणि बा पुन्हा उठले नाहीत.

त्यांनी तिला मारलं ही आमच्यासाठी नवी गोष्ट नव्हती. ते आसूडाच्या दांडीने मारत, हाताला येईल त्याने मारत आणि नंतर शांतपणे जेवायला बसत. भावालाही तसंच मारत. मला मात्र त्यांनी कधी मारलं नाही. मी वसतिगृहात होते आणि सुट्टीला येई तेव्हा पाहुण्यासारखी असे. चार वर्षांनी याडी काविळीने गेली. तिला जाळून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी भावाने तीच आसूडाची दांडी घेतली आणि बांना उंबऱ्यावर गाठलं. मी आतून पाहत होते. बांनी तोंड झाकायला हात वर केला तो कोपरात मोडला. हाड मोडल्याचा आवाज सुक्या काटकीसारखा नसतो, ओल्या फांदीसारखा असतो. भाऊ थांबला नाही. चार माणसांनी त्याला ओढून नेलं तेव्हाही तो लाथा झाडत होता. बांचा तो हात शेवटपर्यंत वाकडा राहिला. भाऊ तांडा सोडून नाक्यावर राहायला गेला.

नाक्यावर, हिंगोली–वाशीम रस्त्याच्या कडेला, दोन धाब्यांच्या मधे त्याने पत्र्याचं दुकान टाकलं. आधी कॅसेटी भरून द्यायचा, मग सेकंडहँड कॉम्प्युटर आणला आणि सीडी करून देऊ लागला. अर्ज टाइप करणं, लग्नाच्या व्हिडिओवर गाणी चढवणं, सगळं. मी तोवर हिंगोलीत एका शाळेत शिकवू लागले होते. कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा सरकारी कोर्सही केला होता. रविवारी त्याच्याकडे जात असे. घरात आम्ही आमची बोली बोलतो, भावाला भिया म्हणतो, पण दुकानात तो नाक्यावरची मराठी बोलायचा, माझ्याशीसुद्धा.

त्याचा हात चटकन उठायचा. कीबोर्डचं एखादं बटण अडकलं की तो मुठीने मारी, आणि मग दोन बटणं अडकत. एकदा एक ट्रकवाला गाणी भरून घ्यायला आला होता. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "काय रे, बंजाऱ्याचं गाणं हाय का? ते रडायचं? आमचं कुत्रं बी तसंच रडते, म्हटलं जोडी लावू."

भावाने हसत विचारलं, "कुत्रं कोणतं, गाडीतलं का घरातलं?"

तो माणूसही हसला. त्याच हसण्यात भावाने त्याच्या मानेला धरून त्याचं डोकं काउंटरच्या कडेवर आपटलं. दोनदा. भुवईवरून रक्त आलं आणि खालच्या काचेवर, कॅसेटींच्या वर, पसरलं. मग त्यानेच त्याला पाण्याचा तांब्या दिला, जखमेवर स्वतःचा रुमाल बांधला आणि गाणी फुकट भरून दिली. तो माणूस पुढेही येत राहिला. मी मात्र त्या रविवारी लवकर परतले.

याडीची कॅसेट भावाने डब्यात, कापडात गुंडाळून ठेवली होती. वर्षातून एकदाही लावत नसे. टेपची पट्टी जुनी झाली की ठिसूळ होते आणि प्रत्येक वेळी वाजवताना थोडी झिजते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? कॉम्प्युटर आल्यावर त्याने ठरवलं की ती एकदाच वाजवायची आणि आत भरून घ्यायची.

"आन् ती थप्पड काढून टाकायची," तो म्हणाला.

"काहून?"

"याडीच्या गाण्यात त्याचं काय काम? त्याला आत जागा न्हाई."

मी म्हटलं की नको, जसं आहे तसं असू दे. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पहिल्या रविवारी आम्ही वायर जोडली आणि कॅसेट लावली. नऊ मिनिटं झाली, याडीचा सूर नुकताच लागला होता, आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. व्हर्च्युअल मेमरी कमी आहे. मग सगळं गोठलं. माउस हलेना. भावाने कॅबिनेटला लाथ मारली, आणि कॉम्प्युटर बंद करावा लागला. कॅसेट तेवढी झिजली, हाती काही आलं नाही.

मी कोर्सचं पुस्तक घेऊन पुढच्या रविवारी गेले. त्याला समजावून सांगितलं. कॉम्प्युटरची स्वतःची मेमरी थोडी आहे, तिच्यात एवढं लांब गाणं मावत नाही. मावलं नाही की तो हार्ड डिस्कची थोडी जागा मेमरीसारखी वापरतो. ती किती वापरायची हे आपल्याला ठरवता येतं. सुरुवातीला किती धरायची तो एक आकडा, जास्तीत जास्त किती तो दुसरा.

सेटिंगची ती चौकट उघडली. वर डिस्कवरची मोकळी जागा दिसत होती, सतराशे एमबीपेक्षा थोडी जास्त. खाली दोन रिकामे रकाने होते, इनिशियल साइझ आणि मॅक्झिमम साइझ.

"किती टाकू?"

"पुस्तकात लिहिलंय की मेमरीच्या दीडपट सुरुवातीला, तिप्पट जास्तीत जास्त. आपल्याला थोडं जास्त लागेल. पाचशे टाक, आणि खाली सातशे."

"सतराशे रिकामी पडून राहिली ना? मग हात कशाला आखडायचा?"

"भिया, सगळी देऊ नको. मग गाणं ठेवायला जागा उरणार नाही."

"गाणं ठेवायलाच तर देऊन राहिलो, येडी!" तो हसला आणि दोन्ही रकान्यांत एकच आकडा टाकला, सोळाशे नव्वद.

मला कळत होतं की हे चूक आहे. मी जरा जोरात म्हटलं असतं तर त्याने कदाचित ऐकलं असतं. पण त्याच्याशी जोरात बोलायची आमच्या घरात कोणाला सवय नव्हती. त्याने सेट केलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि कॅसेट लावली.

नऊ मिनिटं गेली. काही झालं नाही. दहा, बारा. भावाने माझ्या पाठीवर थाप मारली. याडी रडत होती आणि पडद्यावर तिच्या आवाजाच्या हिरव्या रेघा वरखाली होत होत्या. मग तो आवाज आला. रेघ एकदम वरच्या कडेला जाऊन टेकली. त्यानंतर सपाट रेघ, आणि मग पुन्हा याडी, त्याच शब्दापासून. अठ्ठाविसाव्या मिनिटाला गाणं संपलं, कॅसेट पुढे सरकली आणि आतून चिरडल्यासारखा आवाज झाला. भावाने झाकण उघडलं. पट्टी रोलरभोवती गुंडाळली जाऊन दोन ठिकाणी तुटली होती. ती ओढून बाहेर काढली तेव्हा तपकिरी भुकटी बोटांना लागली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "आता आत आलं."

त्याने सेव्ह दाबलं. पडद्यावर सूचना आली. मी वाचली. डिस्कवर पुरेशी जागा नाही.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तीच.

"काय म्हणून राहिला तो?"

"जागा नाही म्हणतोय. आपण सगळी मेमरीला दिली ना. आता आधी—"

त्याने मारली. उघड्या हाताने, डाव्या कानाखाली. माझं डोकं पत्र्याच्या भिंतीवर आपटलं आणि शेल्फवरच्या दोन सीडी खाली पडल्या. कान बंद झाला. तोंडात रक्ताची चव आली. आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी मारलं होतं, आणि मला आधी आश्चर्य वाटलं की याडी यानंतर स्वयंपाक कशी करत असेल. भाऊ उभा होता, दुसऱ्यांदा हात मागे गेलेला होता, आणि ओरडत होता, "तुलाच वाचता येते ना इंग्रजी! तुलाच येते ना!"

बाहेर धाब्यावरचा माणूस उठून पाहू लागला.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहिलं. हिरव्या रेघा तिथेच होत्या. कॉम्प्युटर चालू होता तोवर याडी त्यात होती, आणखी कुठेही नव्हती. बारा वाजता आमच्याकडे लाइट जायची, रोजचं भारनियमन. अकरा पस्तीस झाले होते. बॅटरी पाच-सात मिनिटं ओढत असे, तेही तिच्या मर्जीने. मी एक श्वास घेतला.

"आता आधी जागा रिकामी कर," मी म्हटलं.

भावाचा हात तसाच वर राहिला. मग तो हळूहळू खाली आला. तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मांडवात, मांडीवर टेप असताना. तो स्टुलावर बसला.

"काय काढू?" त्याने विचारलं.

"गाणी. तीनशे एमबी लागतील."

ती गाणी म्हणजे त्याचं दुकान होतं. चार-पाच वर्षांत गावोगावच्या कॅसेटींवरून, सीडींवरून एकेक करून जमवलेली. त्याने पहिला फोल्डर धरला आणि डिलीट केला. दुसरा केला. सेव्ह दाबलं. जागा नाही.

"आता काय?" त्याच्या मुठी वळत होत्या आणि सुटत होत्या.

"ते कचऱ्याच्या डब्यात गेलंय. अजून डिस्कवरच आहे. डबा रिकामा कर."

डबा रिकामा केला. अजून कमी पडलं. आणखी दोन फोल्डर. त्याने वाचलंसुद्धा नाही काय आहे त्यांत. माझ्या हनुवटीवरून रक्ताचा थेंब कीबोर्डवर पडला, तो त्याने बाहीने पुसला आणि पुढचं बटण दाबलं. सेव्ह दाबलं तेव्हा निळी पट्टी सरकू लागली. ती फार हळू सरकत होती. अकरा त्रेपन्नला ती भरली.

मी फाइल बंद करून उघडून पाहिली. याडी रडली.

मग भावाने माउस घेतला. मधला तो थपडेचा उंच खांब शोधला, आणि त्याच्या अलीकडून पलीकडे रेघ ओढून तेवढा भाग काळा केला. तीन सेकंद. माझ्याकडे न बघता त्याने तो कापला आणि वाजवून पाहिलं. याडी म्हणाली, माझ्या पाठीवर, पाठीवर जे आहे ते तुझ्या पाठीवर नसो. मधे काहीच नव्हतं. ती अडखळल्यासारखी वाटत होती, म्हातारी होऊन शब्द विसरल्यासारखी. भावाने पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं.

"अशी न्हाई ती," तो म्हणाला.

त्याने कापलेलं परत जागेवर आणलं आणि पुन्हा सेव्ह केलं. निळी पट्टी पुन्हा भरली आणि बाराच्या ठोक्याला लाइट गेली. बॅटरी ओरडू लागली. त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि अंधाऱ्या दुकानात, पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात, माझ्या गालाकडे बघत बसला. माफी वगैरे त्याने मागितली नाही. उठून धाब्यावरून बर्फ आणला, फडक्यात बांधून माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्यानंतर त्याने मला कधी मारलं नाही. दुसऱ्यांना मारायचं सोडलं नाही. माझ्या डाव्या कानाला अजून कमी ऐकू येतं.

भाऊ गेल्यावर मी ती फाइल रोज ऐकू लागले. उजवा कान पुढे करून, दोन ओळी ऐकायच्या, थांबवायचं, म्हणून पाहायचं. तिशी उलटलेली बाई, शाळेतून आल्यावर दार लावून रडायला शिकत होती. सूर यायला चार महिने लागले. शब्द त्याहून अवघड. भावाचं काय म्हणायचं? तो उदार होता, त्याने कित्येकांचं काम फुकट केलं, मला बर्फ आणून दिला. पण एवढंच म्हटलं तर तो माझा भाऊ वाटेना. कापलेल्या फाइलसारखं ते वाटे.

वर्ष झाल्यावर तांड्यात जेवण होतं. बायका अंगणात बसल्या होत्या, बा भिंतीला टेकून, वाकडा हात मांडीवर घेऊन. मी काकीपाशी गेले, तिच्या गळ्यात पडले आणि सुरू केलं. बायका गप्प झाल्या. मी भावाचं दुकान सांगितलं, त्याची गाणी सांगितली, आमच्या याडीसाठी त्याने ती सगळी पुसून टाकली ते सांगितलं. मग म्हटलं, भिया, तुझ्या हाताची खूण माझ्या कानात आहे, ती घेऊन मी कुठे जाऊ.

काकीने मला खांद्यांना धरून हलवलं. "ए पोरी, गप! मेलेल्या माणसाचं असं काढत्यात का? तोंड आवर!"

बांनी मान वर केली. मी एक श्वास घेतला, काकीच्या गळ्यातले हात सोडले नाहीत आणि तिथूनच पुन्हा सुरू केलं. भिया, तुझ्या हाताची खूण माझ्या कानात आहे.